घर, गल्ली आणि मोकळी जागा

दादर-माटुंग्याच्या बाजूस हल्लीं फिरावयास गेलें, तर ठिकठिकाणीं एखादें जुनें घर पत्र्याच्या कुंपणाआड गेलेलें दिसतें. कुंपणावर नव्या इमारतीचें रंगीत चित्र असतें. जेथें काल तळमजल्यावर दोन मजले होते, तेथें उद्यां वीस-बावीस मजले उभे राहावयाचे असतात. घरोघरीं या गोष्टीची चर्चा चालते. पण खोल्या किती मिळतील, मधल्या काळांत भाडें किती महिने मिळेल, मोटार ठेवावयास जागा असेल कीं नाहीं, एवढ्यावरच ती बहुधा थांबते. समोरच्या घरांतला उजेड कोठें जाईल, त्याच रस्त्यावर दुपटी-तिपटीनें माणसें कशीं चालतील, कोपऱ्यावरच्या शाळेंत आणखी किती मुलें मावतील, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाहीं. कारण ते कोणा एकाचे नसतात, सर्वांचे असतात. आणि जें सर्वांचें, त्याची काळजी दुसरें कोणी तरी वाहात असेल, अशी आपली सर्वांचीच समजूत असते.

ही काळजी वाहण्यासाठीं जें शास्त्र निर्माण झालें, त्याला नगररचना असें म्हणतात. नांव जड असलें, तरी त्यांतील प्रश्न अगदीं घरगुती आहेत. ते मुख्यत: तीन. कोणत्या जागीं काय असावें, हा पहिला. म्हणजे कारखाना कोठें, बाजार कोठें आणि राहतीं घरें कोठें. एका जागेवर किती बांधावें, हा दुसरा. आणि जितकीं माणसें तेथें राहावयास येतील, तितक्यांना पुरेल एवढा रस्ता, पाणी, शाळा, बाग, दवाखाना कोठून आणावयाचा, हा तिसरा. शहराचे विभाग पाडणें, दाटीचें नियमन करणें आणि वस्तीची आखणी करणें, अशीं या तीन कामांचीं नांवें आहेत. मुंबईच्या, त्यांतही दादर-माटुंग्याच्या उदाहरणावरून आज आपण त्यांचा विचार करूं.

मुंबईला हे प्रश्न विचारावयास लावले ते प्लेगनें. सन १८९६ सालीं मांडवीच्या बाजूस हा रोग प्रथम दिसला आणि पाहतां पाहतां शहरभर पसरला. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, यावरूनच त्या संकटाची कल्पना येईल. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें मत पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं मांडलें. पण तें सर्वमान्य होण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं. तोंपर्यंत बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत अशी होती कीं, काळोख, ओल आणि कोंदट हवा यांतच रोग जन्मतो. प्लेगपुरतें हें निदान चुकीचें होतें. परंतु अंधाऱ्या व कोंदट खोलींत क्षयाला थारा मिळतो, हें खरेंच होतें. म्हणून चुकीच्या निदानांतूनही उपयोगाचें औषध निघालें.

त्याच १८९८ सालीं कायदा होऊन ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. तिचें पहिलें काम होतें जुन्या शहरांतील दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढण्याचें. रस्ते झाले, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याच खटाटोपाचें फळ. पण घर पाडल्यानें घरांतील माणूस नाहींसा होत नाहीं. ज्यांचीं बिऱ्हाडें मोडलीं, त्यांना कामधंद्याच्या जागेपासून दूर जाणें परवडेना. ते शेजारच्याच गल्ल्यांत शिरले आणि तेथील खोल्या पूर्वीपेक्षां अधिक भरल्या. दाटी एका जागीं मोडली, ती दुसऱ्या जागीं उभी राहिली. दुसरी जागा आधीं तयार केल्याखेरीज पहिली जागा मोकळी करूं नये, हा नगररचनेंतला पहिला धडा मुंबईनें असा गरिबांच्या खर्चानें घेतला.

दुसरा धडा उजेडाचा. घराला उजेड पुरेसा आहे कीं नाहीं, हें मोजावयाचें कसें? ट्रस्टनें यासाठीं एक सोपा नियम स्वीकारला होता, आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं त्याचा मोठ्या हिरिरीनें पुरस्कार केला. तळमजल्यावरील खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर एक रेषा काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर डोकावूं नये, असा तो नियम. साडेत्रेसष्ट हा आंकडा चमत्कारिक वाटेल; पण त्याचा अर्थ अगदीं सरळ आहे. या कोनांत उंची ही अंतराच्या बरोबर दुप्पट येते. म्हणजे दोन घरांमध्यें दहा मीटर मोकळी जागा असेल, तर समोरच्या घरानें वीस मीटरांहून उंच होऊं नये. उलट समोर सत्तर मीटरांची इमारत यावयाची असेल, तर मध्यें पस्तीस मीटर अंतर हवें. हा हिशोब करावयास गणिती लागत नाहीं. कोणाही गृहिणीनें आपल्या खिडकींत उभें राहून तो करावा आणि शेजारीं काय उभें राहात आहे तें पाहावें.

जुनें शहर दुरुस्त करण्यापेक्षां नवें वसविणें सोपें, हें ध्यानांत आल्यावर ट्रस्टनें आपलें लक्ष उत्तरेकडे वळविलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत शेतें आणि पाणथळ जमीन होती. ती जमीन घेऊन ट्रस्टनें आधीं रस्ते आंखले, गटारें घातलीं, झाडें लावलीं, बागांच्या जागा राखल्या. मग तुकडे पाडून ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घरें बांधणाऱ्यांना दिले. घर तळमजल्यावर दोन मजल्यांहून अधिक उंच नसावें, चारी बाजूंस ठराविक जागा मोकळी सोडावी, अशा अटी पट्ट्यांतच घातलेल्या असत. दादरची हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सचा परिसर आणि माटुंगा हीं या पद्धतीचीं फळें होत. १९२३ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली, १९३७ सालीं रुइया कॉलेज निघालें. पश्चिमेस म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं माहीम पार्क हें विस्तीर्ण मैदान लोकांना खुलें केलें. अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ सालीं त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें, आणि त्याच्या भोंवतीं पुढील दोन दशकांत तशींच बेताच्या उंचीचीं घरें उभीं राहिलीं. आज ज्या वस्त्यांचें आपण कौतुक करतों, त्यांचें रहस्य घरांच्या नक्षींत फारसें नाहीं. तें या क्रमांत आहे. आधीं रस्ता, गटार, बाग आणि शाळेची जागा. घर त्याच्या मागून.

मात्र या चित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. या वस्त्या मध्यम वर्गासाठीं होत्या. गिरणींत काम करणाऱ्याला तेथील भाडें देतां येण्याजोगें नव्हतें. त्याच्यासाठीं सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. एका चाळींत ऐंशी खोल्या, एका खोलीचें क्षेत्रफळ सुमारें १६० चौरस फूट, आणि संडास मजल्यावर सामाईक. नायगांवच्या चाळी हिंदु कॉलनीपासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच काळांत, एकाच शहरांत, एकाला चार बाजूंनीं हवा आणि दुसऱ्याला एका खोलींत सारा संसार! विभागणीचे नियम आरोग्याच्या नांवानें होतात. पण ते सावध राहून केले नाहींत, तर श्रीमंत व गरीब यांच्यामधील कुंपण होऊन बसतात. या चाळींच्या जागीं आतां नव्या इमारती होत असून वरळीच्या कांहीं रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्यें ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. त्यांच्या दृष्टीनें उंच इमारत म्हणजे संकट नव्हे. स्वत:च्या घरांत स्वत:चें न्हाणीघर असावें, एवढीच ती साधी गोष्ट आहे, आणि ती मिळावयास शंभर वर्षें लागलीं.

आतां दाटीच्या नियमाकडे वळूं. १९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर बृहन्मुंबईचा विकास आराखडा १९६४ सालीं तयार होऊन १९६७ सालीं मंजूर झाला, आणि त्याबरोबर एक नवें माप व्यवहारांत आलें. त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. लोक त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एफ. एस. आय. म्हणतात. जमिनीच्या तुकड्याचें जेवढें क्षेत्र, त्याच्या किती पट क्षेत्र सर्व मजले मिळून बांधतां येईल, तें हा आंकडा सांगतो. जुन्या शहरांत राहत्या घरांसाठीं तो १.३३ होता, उपनगरांत १. समजा, ६०० चौरस मीटरांचा तुकडा आहे. १.३३ प्रमाणें तेथें सुमारें ८०० चौरस मीटर बांधतां येतील. मग ४०० मीटरांचे दोन मजले करा, नाहीं तर २०० मीटरांचे चार करा. हाच आंकडा ३ झाला, तर १,८०० मीटर बांधतां येतील.

या मापाचा एक गुण असा कीं तें सोपें आहे, आणि दोष असा कीं तें माणसें मोजीत नाहीं. त्या १,८०० मीटरांत ४५ मीटरांचीं चाळीस घरें होतील, किंवा १८० मीटरांचीं दहा. घरटी चार माणसें धरलीं, तर एके ठिकाणीं १६० माणसें, दुसऱ्या ठिकाणीं चाळीस. निर्देशांक मात्र दोन्हीकडे तोच. पहिल्या इमारतीला पाणी व शाळा अधिक लागेल. दुसरींत माणसें थोडीं असूनही दर घरामागें दोन-दोन मोटारी असूं शकतील. म्हणून नुसत्या निर्देशांकावरून वस्ती दाट कीं विरळ, हें ठरवूं जाणें म्हणजे भांड्याच्या आकारावरून पंक्तीला किती जण जेवले, तें सांगण्यासारखें आहे.

निर्देशांक कमी ठेवला म्हणजे माणसें कमी येतील, ही अपेक्षाही खरी ठरली नाहीं. माणसें पोटासाठीं येतात, निर्देशांक विचारून येत नाहींत. २०११ च्या खानेसुमारींत बृहन्मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ भरली. बांधकामाला मर्यादा राहिली, लोकवस्तीला राहिली नाहीं. तेव्हां एका खोलींत अधिक माणसें मावूं लागलीं आणि ज्यांना खोलीही मिळेना, ते झोपडींत राहूं लागले. दुसरीकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं जेथल्या तेथें राहिलीं. भाडेकरूला त्यानें संरक्षण दिलें, तें आवश्यकही होतें. पण महिना चाळीस-पन्नास रुपये भाड्यांत मालक घराची डागडुजी करीनासा झाला. लांकडी तुळया कुजल्या, पावसाळ्यांत घरें कोसळूं लागलीं. तेव्हां १९६९ सालीं कायदा करून अशा घरांच्या दुरुस्तीसाठीं उपकर व मंडळ निर्माण करावें लागलें. दुरुस्तीनेंही भागेना, म्हणून १९९१ च्या व त्यानंतरच्या नियमांत घर नव्यानें बांधणाऱ्याला वाढीव निर्देशांकाचें आमिष ठेवण्यांत आलें. जुन्या रहिवाशांना फुकट घर द्यावें आणि वरच्या मजल्यांवरील घरें विकून खर्च व नफा काढावा, अशी ही योजना. पत्र्याच्या कुंपणांचें मूळ येथें आहे.

या व्यवहारांत वाईट हेतु कोणाचाच असतो असें नाहीं. जुन्या घरांतील वृद्ध जोडप्याला जिना चढवत नाहीं, छत गळतें. त्यांना पक्कें घर मिळण्याचा हक्क आहे. शेजारच्या घरांतील माणसांना हवा-उजेडाचा हक्क आहे. अडचण अशी कीं, पहिला हक्क करारांत लिहिलेला असतो, दुसरा कोठेंच लिहिलेला नसतो. दाट भागांतील लहान तुकड्यांवर नियमांतील मोकळें अंतर पूर्ण ठेवणें शक्य होत नाहीं, म्हणून त्यांत सवलत दिली जाते. साडेत्रेसष्ट अंशांची रेषा अशी एकेका सवलतीनें पुसली जाते.

आणखी एक गोष्ट. घर उंच होतें, रस्ता मात्र तेवढाच राहतो. अभियंते शिरीष पटेल यांनीं या मुद्द्यावर फार भर दिला होता. घरांतील दाटी वेगळी आणि घराबाहेरील दाटी वेगळी, असें त्यांचें सांगणें होतें. हें एका मानलेल्या उदाहरणानें पाहूं. दहा हेक्टरांची वस्ती आहे. सात हेक्टरांवर घरें, उरलेल्या तीन हेक्टरांवर रस्ते, बाग, शाळा. तेथें पांच हजार माणसें राहतात, म्हणजे सार्वजनिक जागा माणशीं सहा चौरस मीटर झाली. प्रत्येक घर दुप्पट होऊन माणसें दहा हजार झालीं, कीं तीच जागा माणशीं तीन चौरस मीटर उरते. घरांत प्रत्येकाला ऐसपैस खोली मिळाली असेल; पण दाराबाहेर पाऊल टाकतांच ती ऐसपैसता संपते. मुंबईंत बागा व मैदानें मिळून माणशीं दोन चौरस मीटरही मोकळी जागा नाहीं. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत माणशीं दहा ते बारा चौरस मीटरांची अपेक्षा आहे.

यावरून उंच इमारत हीच वाईट, असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. न्यूयॉर्कचा मॅनहॅटन भाग जगांतील अति दाट भागांपैकीं आहे. पण तेथील रस्ते १८११ सालींच आंखून ठेवलेले आहेत. लांब हमरस्ते शंभर फूट रुंद आणि बहुतेक आडवे रस्ते साठ फूट रुंद. तरीही १९१५ सालीं इक्विटेबल बिल्डिंग ही प्रचंड इमारत उभी राहून तिची सावली शेजारच्या घरांवर पडूं लागली, तेव्हां गवगवा झाला आणि पुढच्याच वर्षीं शहरानें उंचीबरोबर इमारत मागें सरकत गेली पाहिजे, असा नियम केला. उंच व्हा, पण रस्त्याला आकाश ठेवा, असा त्याचा आशय. उंचीला मोकळ्या जागेची जोड असेल तर शहर चालतें. नसेल तर तें तुंबतें.

मग करावयाचें काय? याला उत्तर असें कीं, एकेका घराचा सुटा विचार सोडून साऱ्या वस्तीचा एकत्र विचार करावयाचा. १९२९ सालीं क्लॅरन्स पेरी या अमेरिकन विचारवंतानें शेजारवस्तीची कल्पना मांडली. एक प्राथमिक शाळा चालेल एवढी वस्ती. कोणतेंही घर शाळेपासून पाव मैलाच्या आसपास. मुलाला शाळेंत जातांना मोठा वाहता रस्ता ओलांडावा लागूं नये. दुकानें वस्तीच्या कडेला. आणि सुमारें दहावा हिस्सा जमीन बागा-मैदानांसाठीं. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालापासून समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हे तर म्हणत कीं, आधीं रोगाचें निदान करा, मग उपचार. आणि शस्त्र चालवावयाचें तर तें बेतानें, शरीर राखून चालवा. एखादी गल्ली सरसकट पाडण्यापेक्षां दोन पडकीं घरें काढून तेथें चौक करावा आणि बाकीचीं दुरुस्त करावीं, अशी त्यांची रीत होती.

एकत्र येणें आपल्याला अपरिचित नाहीं. गांवदेवी येथील सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचीं घरें १९१५ सालचीं. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीनें निघालेली ही संस्था आशियांतील पहिली सहकारी गृहसंस्था समजली जाते. एका वाडींतील बिऱ्हाडें एकत्र येऊं शकतात, तर एका गल्लींतील चार-पांच इमारतीही येऊं शकतील. लहान तुकडे एकत्र केले, तर घरांमधील चिंचोळ्या फटींचें एक अंगण होतें, रस्ता रुंद करावयास जागा निघते आणि झाडेंही वांचतात. समूह पुनर्विकासाची तरतूद आजच्या नियमांतही आहे. पण तेथें निर्देशांक अधिक मिळतो म्हणून माणसेंही अधिक येतात. तेव्हां वाढीव मजल्यांबरोबर वाढीव मोकळी जागा मिळते कीं नाहीं, हें डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे.

पाहावयाचें कोणीं? तें आपणच. शहराचा आराखडा कायद्यानें लोकांपुढें ठेवावा लागतो आणि ठराविक मुदतींत हरकती व सूचना घ्याव्या लागतात. ही केवळ औपचारिक गोष्ट आहे, असें मानूं नये. फेब्रुवारी २०१५ मध्यें मुंबईचा नवा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील चुकांवर व वाढीव निर्देशांकावर हजारो हरकती आल्या. दोनच महिन्यांनीं तो मागें घेऊन नव्यानें करण्याची आज्ञा सरकारनें दिली आणि सुधारलेला आराखडा २०१८ सालीं मंजूर झाला. हरकती लिहिणारीं माणसें आपल्यासारखींच घरगृहस्थीचीं होतीं.

आपल्या इमारतीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं कांहीं गोष्टी अवश्य विचाराव्यात. नव्या व शेजारच्या इमारतींत अंतर किती, आणि उंची त्याच्या किती पट. एकूण बिऱ्हाडें किती होणार. आगीचा बंब आंत येऊन वळूं शकेल काय. मोकळी जागा मातीवर आहे, कीं मोटारींच्या छपरावर. पावसाचें पाणी मुरावयास जमीन उरणार कीं नाहीं. जुनीं झाडें नकाशांत दाखविलीं आहेत काय. आणि हे प्रश्न आपल्या इमारतीपुरते विचारून थांबूं नये. गल्लींतील सर्वांनीं एकत्र बसून, येत्या दहा वर्षांत आपल्याकडे किती घरें नवीं होणार आहेत, त्याची एक यादी करावी आणि ती विभागाच्या नकाशावर मांडून पाहावी. एकेकटी इमारत पाहिली असतां जें दिसत नाहीं, तें त्या नकाशावर दिसूं लागेल, आणि म्युनिसिपालिटीच्या कचेरींत हरकत नोंदवावयास जातांना आपल्या हातीं नुसती तक्रार नसेल, तर हिशोब असेल.